आजारी जॉकी फार जिंकत होते

माणसं घोडा बघून पैसे लावतात. चकाकती कातडी, ताठ मान, शेपटीचा तोरा बघितला की भल्याभल्यांची अक्कल गहाण पडते. मी घोड्याकडे कधी बघितलंच नाही. खरं सांगायचं तर मला घोड्यांची भीती वाटते. चौदा वर्षं दर शनिवारी रेसकोर्सवर जाऊन मी एकाही घोड्याला हात लावलेला नाही. मी बघायचे ते वर बसलेल्या माणसाकडे, आणि तेही कागदावर.

विमा कंपनीत माझी सगळी नोकरी माणसं कुठल्या वयात मरतात याचे तक्ते करण्यात गेली. त्या मानाने कोणता जॉकी किती वेळा जिंकतो हे मोजणं म्हणजे करमणूकच. सुट्टीच्या दिवशीचा चाळा म्हणून मी सुरुवात केली. कुणी एकूण किती राइड केल्या, त्यातल्या किती जिंकल्या, फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागतात त्या घोड्यावर बसून किती आणि कुणी विचारत नाही अशा घोड्यावर किती. लांब पल्ल्याला कोण थकतो, ओल्या ट्रॅकवर कोण घाबरतो, कुठल्या ट्रेनरचं कुठल्या जॉकीशी जमतं. शंभरात वीस रेस जिंकणाऱ्याला लोक डोक्यावर घेतात, पण त्याला नेहमी चांगलाच घोडा मिळत असेल तर त्यात त्याचं कर्तृत्व काय? मी बघायचे की भावावरून जेवढं अपेक्षित होतं, त्याच्यापेक्षा हा माणूस जास्त देतो की कमी. आणि तीनपैकी दोन रेस जिंकला म्हणून कुणाला राजा म्हणायचे नाही. निदान दोनशे राइड झाल्याशिवाय माझ्या तक्त्यात कुणाचं नावसुद्धा येत नसे.

सुरुवातीला तक्त्याच्या दहा प्रती निघत. मग शंभर. पुढे रेसकोर्सच्या फाटकापाशी बसणारा पेपरवाला चारशे प्रती विकायला लागला, आणि बुकी लोक माझा तक्ता हातात पडल्याशिवाय फळ्यावर भाव लिहीनासे झाले. मी ज्या जॉकीचा आकडा उतरवला, त्याच्या घोड्यावरचे पैसे कमी व्हायचे आणि भाव चढायचा, म्हणजे तो जिंकलाच तर एका रुपयामागे जास्त मिळायचे. मी स्वतः एका रेसला एकच लहान तिकीट काढायचे, चहा-बिस्किटाच्या पैशांचं. मला पैशांची हौस नव्हती. माझा आकडा बरोबर निघावा, एवढीच हौस होती, आणि ती फार वाईट हौस आहे.

त्या तक्त्यात एका नावापुढे नेहमी रेघ असायची. माझ्या धाकट्या भावाच्या.

तो माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. जन्मला तेव्हा एवढासा होता की मीच त्याला छटाक म्हणायला लागले. आई तो पाच वर्षांचा असताना गेली, बाबा त्याआधीच, आणि त्याची शाळा, दप्तर, गोवर, पहिली सायकल सगळं माझ्याकडे आलं. उंची वाढलीच नाही, म्हणून मुलं चिडवायची. एकदा रडत घरी आला तेव्हा मी म्हटलं, कमी वजनाला किंमत असते असं एकच काम जगात आहे, ते शिक. म्हणजे त्याला घोड्यावर मीच बसवलं म्हणायचं. पुढे सगळा रेसकोर्स त्याला छटाक म्हणायला लागला. त्याचं खरं नाव फक्त लायसन्सवर आहे.

तक्ता सुरू केला त्या वर्षीच मी त्याला सांगून टाकलं, "तुझी ओळ कोरी राहणार. घरच्या माणसाचा हिशेब मी मांडणार नाही. चांगला मांडला तर लोक म्हणतील बहीण आहे, आणि वाईट मांडला तर तुझी बायको मला घरात घेणार नाही."

तो फुगून बसला. "म्हणजे बाकी सगळे जॉकी, आणि मी काय घोड्यावरचं ओझं?"

"हो," मी म्हटलं. "पन्नास किलोचं."

हसला मग. लोकांनाही ती रेघ आवडली. पेपरवाला म्हणायचा, "बाई, तुमच्या त्या एका रेघेमुळे बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसतो." मला त्याचा केवढा अभिमान! दर शुक्रवारी ती रेघ मी पट्टी धरून मारायचे.

गुरुवारी संध्याकाळी छटाक माझ्याकडे जेवायला यायचा. जेवायला म्हणजे काय, वजनाची भीती, अर्धी काकडी आणि बिनसाखरेचा चहा. पाय वर घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसायचा आणि गप्पा मारायचा. कधीतरी, वर्षातून चारेक वेळा, सहज काहीतरी बोलून जायचा. अमक्याचा खांदा दुखतोय, ताई, कुणाला सांगत नाही तो. तमक्याला वजन उतरवताना चक्कर आली. मी पुढचा दिवसभर विचार करायचे आणि त्या जॉकीचा आकडा थोडा खाली आणायचे. माझी पद्धत ठरलेली होती. मोजलेलं शाईत, ऐकलेलं पेन्सिलीत. समासात लिहायचे, "कळलं: खांदा." "कळलं: चक्कर." कुणाकडून कळलं ते लिहायचे नाही. भावाचं नाव वहीत कुठेच येऊ द्यायचं नाही, त्याच्या राइडपुढेही नावाच्या जागी नुसती रेघ, हा नियम मीच केला होता आणि मी नियमाची पक्की.

मागच्या महिन्यात तांबड्या घोडीची ती रेस झाली. छटाक वर होता, घोडी फेव्हरिट होती, आणि शेवटच्या वळणानंतर ती अशी सुस्तावली की जणू तिला कुणी बसायला सांगितलं. मागून मुका आला आणि जिंकून गेला. मुका म्हणजे मुका नव्हे, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा एक जुना जॉकी आहे, त्याला तसं म्हणतात. लोकांनी बाटल्या फेकल्या. क्लबने चौकशी लावली. तीन माणसांची समिती. त्यांचे प्रश्न दोन होते. छटाकने घोडी मुद्दाम ओढून धरली का, आणि मुक्याच्या घोड्याचा भाव सकाळीच दुप्पट कसा झाला. ओढून धरणं म्हणजे लगाम अशा हातांनी धरायचा की लांबून बघणाऱ्याला वाटावं हा जीव तोडून पळवतोय, आणि घोड्याला मात्र कळावं की पळायचं नाहीये. सिद्ध झालं तर लायसन्स जातं, कायमचं.

छटाक गुरुवारची वाट न बघता सोमवारीच आला. काकडीलाही हात लावला नाही.

"ताई, तू साक्षीला ये. तुझे आकडे ती माणसं मानतात. एवढंच सांग की फेव्हरिट तीनात दोनदा हरतोच. माझी ओळ भर आणि दाखव त्यांना. मी इतरांपेक्षा वेगळा नाही, एवढंच."

"चौदा वर्षं कोरी ठेवली, आता भरू?"

"आता नाही तर कधी? बुधवारी चौकशी आहे. घोडामैदान जवळच आहे."

"तोंड वर करून म्हणी सांगू नकोस," मी म्हटलं, पण आतून मला बरं वाटत होतं. माझ्या भावाचा हिशेब मांडायची मला चौदा वर्षं हौस होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तो गेल्यावर मी वह्या काढल्या. सगळ्या अकरा. गेल्या चार वर्षांत छटाक एकशे एकोणतीस वेळा फेव्हरिटवर बसला होता आणि चाळीस वेळा जिंकला होता. शंभरात एकतीस. इतर सगळ्या जॉकींचा मिळून तेहेतीस. एवढा फरक तर सर्दी-पडशानेही पडतो. मी उठून चहा केला. साखर घालून केला. माझा भाऊ स्वच्छ होता आणि ते एका पानावर मांडता येत होतं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण विमा कंपनीची सवय, बेरीज जुळली तरी ती उलटी करून बघायची. हरलेल्या एकोणनव्वद रेस घेतल्या आणि त्या कुणी जिंकल्या हे लिहून काढायला बसले. सातव्या की आठव्या रेसपाशी मला समासात पेन्सिल दिसली. "कळलं: चक्कर." ज्याला चक्कर आली होती, तोच जिंकला होता. पुढे पुन्हा एक पेन्सिल. "कळलं: बोट सुजलंय." सुजलेल्या बोटाचा माणूस जिंकला होता.

मग मी बाकीचं सगळं सोडलं आणि फक्त पेन्सिली मोजल्या. चार वर्षांत सोळा. सोळाही वेळा त्या रेसमध्ये फेव्हरिटवर छटाक होता. सोळाही वेळा फेव्हरिट हरला. आणि ज्याचा आकडा मी त्याच्या सांगण्यावरून उतरवला होता, तो सोळापैकी तेरा वेळा जिंकला होता. एरवी त्या माणसांनी सोळात फार तर दोन जिंकल्या असत्या. माझ्या तक्त्यात आजारी जॉकी धडधाकट जॉकींपेक्षा फार जिंकत होते, आणि मी दर वेळी मनात म्हणत होते, काय जिद्द आहे बाई या माणसाची! आणि शेवटची पेन्सिल गेल्या महिन्यातली. मुका. "कळलं: खांदा."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा माझ्याच अक्षरात होता.

तरीही मी म्हटलं, आकडा हा आकडा असतो, माणसाला विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी सकाळी सराव चालतो तिथे गेले. मुका कठड्याला टेकून बूट पुसत होता. मला बघून उभा राहिला.

"तुमच्या खांद्याचं कसं आहे आता?" मी विचारलं.

"कुठल्या?"

"दुखत होता ना. गेल्या महिन्यात."

त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन गरागरा फिरवून दाखवले. "बाई, माझं सगळं दुखलंय आयुष्यात. खांदा सोडून."

मला दोन वर्षांपूर्वीची एक पेन्सिल आठवली. त्याचीच होती. "कळलं: सासू गेली, मन थाऱ्यावर नाही." छटाकने तेव्हा बजावलं होतं, त्याच्याजवळ विषय काढू नकोस ताई, फार हळवा आहे तो. मी काढला नव्हता.

"आणि सासूबाई?" मी विचारलं. "त्यांना जाऊन दोन वर्षं झाली ना?"

मुक्याने बूट खाली ठेवला. त्या दिवसाची त्याची सगळी वाक्यं बहुतेक माझ्यावरच खर्च झाली. "माझी सासू? आज सकाळीच माझ्याशी भांडली की. फोन लावून देऊ? तुमच्याशीही भांडेल."

मी हसले. खरंच हसले, कठड्याला धरून. मग घरी येईपर्यंत कशी आले ते मला आठवत नाही.

दुपारी छटाकला बोलावून घेतलं. तो आला, स्टुलावर बसला, पाय वर घेतले. मी वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली आणि सोळा ठिकाणी बोट ठेवत गेले. सातव्या बोटापर्यंत त्याने पाय खाली घेतले होते.

"चढ्या भावाने पैसे लावणारा कोण आहे तुझ्यामागे?" मी विचारलं.

"आहे एकजण. तू ओळखत नाहीस."

"आणि मी? मी कोण होते त्यात?"

त्याने वही मिटून ओट्यावर ठेवली. मग हळूच म्हणाला, "तुझे आकडे खरेच होते, ताई. मी फक्त कधीतरी एखादा... तुझ्यावर कुणाला संशय येणार नव्हता ना. म्हणून तर."

म्हणून तर! माझ्या खरेपणाची त्याने किंमत लावली होती. केसाने गळा कापणं म्हणजे काय ते मला तोवर म्हण म्हणूनच माहीत होतं. मी त्याला काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारची बाई दारात येऊन "सगळं ठीक ना?" विचारून गेली, यावरून काय ते समजा. मी त्याला सांगितलं की मुक्याच्या जिवंत सासूला तू मारलंस. चारशे माणसं माझ्या शब्दावर पैसे लावत होती आणि त्यांचे खिसे तू माझ्या हातांनी कापलेस. गुरुवारची ती अर्धी काकडी माझ्याच्याने आता चिरवणार नाही.

तो रडला. लहानपणी रडायचा तसाच, नाक ओढत. "लायसन्स गेलं तर मी काय करू? एकेचाळीस वर्षांचा, पन्नास किलोचा माणूस. मला कोण कामावर ठेवील? पोतं तरी उचलता येतं का मला? मुलीची फी आहे, घर आहे. ताई, उद्या काय सांगणार तू?"

आता इथे मी जे केलं, ते नीट सांगते, कारण बाकी सगळं त्यावरून झालं. त्या क्षणी मला माहीत होतं की मी त्याला वाचवणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ. शंभरात एकतीस हा आकडा खोटा नव्हता. तेवढाच दाखवायचा आणि पेन्सिलीबद्दल तोंड उघडायचं नाही. चौदा वर्षांत केली नाही ती लबाडी एकदा करायची आणि तक्ता बंद करून टाकायचा. माझं ठरलं होतं. पण ते त्याला सांगावंसं वाटलं नाही. म्हटलं, तळमळू दे एक रात्र. मी चार वर्षं फसले, याला एक रात्र जड नाही.

"उद्याचं उद्या बघू," मी म्हटलं आणि दार उघडून उभी राहिले.

त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. काय वाचलं त्याने तिथे कोण जाणे. चपला घातल्या आणि गेला.

बुधवारी सकाळी मी एक पान सुवाच्य अक्षरात लिहिलं. एकशे एकोणतीस, चाळीस, एकतीस टक्के. खाली इतर जॉकींचे आकडे, खाली सही. झेरॉक्सवाल्याकडे जाऊन तीन प्रती काढल्या. गर्दी होती, अर्धा तास गेला. घरी येऊन जेवले, साडी बदलली, पिशवी घेतली आणि दुपारी निघाले. वह्यांच्या कपाटाकडे बघितलंही नाही. मला त्या वह्या पुन्हा डोळ्यांसमोर नको होत्या.

क्लबचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या बाकावर भावजय बसली होती, छटाकची बायको. एरवी मला बघितलं की उठून पिशवी हातातून घेते. त्या दिवशी तिने पदर सारखा केला आणि खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, काळजीत आहे बिचारी. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "घाबरू नकोस, मी आहे." ती रडायला लागली.

आत बोलावलं. लांब टेबल, पलीकडे तिघे, मध्ये अध्यक्ष. छटाक बाजूच्या खुर्चीत, इस्त्रीच्या शर्टात, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले. आणि टेबलावर माझ्या अकरा वह्या. निळी कव्हरं, वरती माझ्या हाताने घातलेले नंबर, एकावर एक व्यवस्थित रचलेल्या.

माझ्या घराची एक किल्ली त्याच्याकडे असते. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीच दिली होती.

"बाई, बसा," अध्यक्ष म्हणाले. सभ्य माणूस होता. त्यांनी एक वही उघडून माझ्याकडे फिरवली. "हे पेन्सिलीतलं अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"या रेसच्या आदल्या दिवशी तुम्ही लिहिलंय, खांदा. त्या जॉकीला आम्ही विचारलं. त्याचा खांदा कधीच दुखत नव्हता. तुम्ही त्याचा आकडा उतरवला, म्हणून भाव दुप्पट झाला. तुमच्या भावाने आज सकाळी या वह्या आणून दिल्या. म्हणतात, त्यांनी काल पहिल्यांदाच उघडून बघितल्या आणि त्यांना धक्काच बसला. अशा सोळा नोंदी आहेत म्हणे."

सोळा. मी त्याला बोट ठेवून मोजून दाखवलं होतं. माझा हिशेब त्याने तसाच उचलून त्यांच्यासमोर मांडला होता.

"ही बातमी तुम्हाला कुणी दिली?" अध्यक्षांनी विचारलं.

मी छटाककडे बघितलं. तो बुटांकडे बघत होता. काल याला वाचवायचं ठरवून मी झोपले होते, आणि हा सकाळी माझ्या घराची किल्ली खिशात घालून मी बाहेर पडायची वाट बघत होता.

"त्याने," मी म्हटलं. "सगळ्या सोळा त्यानेच दिल्या."

"तसं कुठे लिहिलेलं नाही, बाई. फक्त 'कळलं' लिहिलंय. त्यांचं नाव अकराच्या अकरा वह्यांत एकदाही नाही. आम्ही चाळून बघितलं."

"त्याचं नाव लिहायचं नाही असा माझा नियम होता."

तिघांपैकी डावीकडचा किंचित हसला. त्याच्या जागी मी असते तर मीही हसले असते.

तेव्हा छटाक उभा राहिला. हात जोडले. मुलांनी चिडवलं की माझ्यामागे येऊन उभा राहायचा, तोच माझा भाऊ, आता माझ्या पुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "साहेब, माझी एकच विनंती आहे. तिला शिक्षा नका करू. आईच्या जागी आहे ती मला. वय झालंय तिचं, एकटी असते, कुणीतरी येऊन काहीतरी सांगतं आणि ती विश्वास ठेवते. तक्ता बंद करा, पण पोलिसांत वगैरे नका जाऊ."

आवाज भरून आला होता त्याचा. नाटक असतं तर मला सोसलं असतं. पण तो मनापासून माझ्यासाठी दया मागत होता. मला खड्ड्यात ढकलून वरून दोर सोडत होता, आणि त्याला स्वतःलाच ते चांगुलपण वाटत होतं.

आम्हाला दहा मिनिटं बाहेर बसवलं. मग आत बोलावून निकाल सांगितला. माझा तक्ता बंद. मला रेसकोर्सच्या आवारात यायला कायमची बंदी. वय बघून पुढची कारवाई नाही. जॉकीविरुद्ध पुरावा नाही, मात्र पुढे जपून राहावं. अध्यक्षांनी विचारलं, "तुम्हाला काही द्यायचंय का, बाई? पिशवीत कागद दिसतायत." मी नाही म्हटलं.

जिन्यात तो मागून धावत आला. भावजय वरच थांबली होती.

"ताई. ताई, थांब. माझं ऐक. तू सगळं सांगणार होतीस. काल तुझं तोंड बघितलं मी. मला मुलगी आहे, ताई, मी काय करणार होतो? तुझं काय गेलं यात, सांग ना, एक कागदच ना? तुला काही झालं नसतं, मला माहीत होतं, मी बोलून ठेवलं होतं त्यांच्याशी. चल, घरी सोडतो."

मी पिशवीत हात घातला आणि ते पान काढून त्याला दिलं. त्याने वाचलं. वरपासून खालपर्यंत, सहीपर्यंत. मग परत वरून. त्याचे ओठ हलत होते, शाळेत असताना पाढे म्हणायचा तसे.

"यात पेन्सिलीचं काहीच नाही," तो म्हणाला.

"नाही."

"वह्या आणणारच नव्हतीस तू?"

"मी तुझ्यासाठी खोटं बोलायला आले होते," मी म्हटलं. "चौदा वर्षांत पहिल्यांदा. साडी बदलून आले होते."

तो जिन्यातच खाली बसला, कागद दोन्ही हातांत धरून. वरून भावजयीने विचारलं, "काय झालं हो?" मी कठडा धरून एकेक पायरी उतरले. खाली दारात पेपरवाला भेटला. त्याला अजून काही कळलेलं नव्हतं. शनिवारच्या किती प्रती काढू, म्हणून विचारत होता.